म्हातारी हसली पाहिजे

"म्हातारी परत आली," हर्षला म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवून तिने जगदीशला आपल्या संगणकाचा पडदा दाखवला.

जगदीशने काढलेल्या आजीच्या तिन्ही चित्रांवर लाल फुल्या होत्या आणि खाली इंग्रजीत दोन ओळींचा शेरा होता. स्टुडिओचा मालक ओमकार ठोंबरे चहाचा पेला हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला. त्याने शेरा वाचला आणि मराठी करून सांगितला, "आजी फार प्रेमळ दिसते म्हणतायत. कमी करा."

"प्रेमळपणा कमी कसा करायचा?" जगदीशने विचारलं.

"आता ते मी सांगू का तुला? पंधरा वर्षं झाली चित्रं काढतोयस. नाक जरा वाकडं कर. पुढचे दोन दात पाड. केस पिंजारून टाक. पोरांना बघितल्याबरोबर वाटलं पायजे, हिच्या जवळ जायला नको."

संध्याकाळपर्यंत जगदीशने म्हातारीचे दात पाडले, नाक वाकडं केलं, केस पिंजारले. कपडे तर आधीपासूनच परक्या मुलखातले होते. पण गुडघ्यावर हनुवटी टेकून चुलीपाशी बसायची तिची ढब त्याने तशीच ठेवली. ती ढब त्याच्या आईची, सोमीची होती. हे त्याने स्टुडिओत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि चौथ्या खेपेला म्हातारी पास झाली तेव्हाही सांगितलं नाही.

हे काम येऊन सात-आठ महिने झाले होते. कर्जतच्या दहिवलीत, उल्हास नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, ओमकारच्या घराच्या माडीवर अकरा माणसं बसून कार्टून काढत. बहुतेक काम बाहेरदेशीचं. गोष्ट तिकडची, आवाज तिकडचे, इथे फक्त हात चालवायचे. एखाद्या पात्राने मान वळवायची तर मधली दहा-बारा चित्रं कुणाला तरी काढावी लागतात, ती कर्जतला निघत. पात्रं काय बोलतात ते कुणाला कळत नसे आणि कळून घ्यायची गरजही पडत नसे. तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं याचा तक्ता येई, तेवढ्यावर भागे.

या खेपेचं गिऱ्हाईक मात्र मोठं होतं. एका देशाचं सरकारच. त्या देशाचं नाव कुठे घ्यायचं नाही अशी करारात अट होती, म्हणून सगळे नुसतं 'पार्टी' म्हणत. मालिका लहान मुलांची होती. डोंगरातल्या वस्तीतला एक सहा वर्षांचा मुलगा खाली सपाटीवरच्या शाळेत येतो आणि एकेक गोष्ट शिकतो. त्याचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून स्टुडिओने त्याचा बारक्या करून टाकला होता. बारक्या दात घासायला शिकला. रांगेत उभं राहायला शिकला. त्याने झाड लावलं, कचरा उचलला. प्रत्येक भागाच्या शेवटी बारक्याच्या बाई त्याच्या टोपीवर एक चांदणी लावत आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवी.

"आपल्याकडं पण दाखवायला पायजे हे," हर्षला म्हणायची. ती रोज खोपोलीहून यायची आणि रंग भरायची. बारक्याचे गाल तिच्याइतके गुबगुबीत कुणी रंगवत नसे.

डोंगरातली घरं काढायचं काम जगदीशकडे आलं होतं, त्यालाही कारण होतं. जगदीश दरवडा हा कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीचा. लहानपणी आई लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायची, तिच्या हाताखाली बसून तो रेघा ओढायला शिकला. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेला. पुढे कर्जतच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ओमकारने मुंबईची नोकरी सोडून स्टुडिओ काढला तेव्हा एका पाटीवरचा बैल बघून तो जगदीशला घेऊन आला. पार्टीने नमुन्यादाखल झोपडीचं एक चित्र मागितलं होतं. बाकीच्यांनी झोपडी बाहेरून काढली. जगदीशने आतून काढली. कुडाच्या भिंतीच्या कुठल्या फटीतून उजेड येतो, धूर कुठे रेंगाळतो आणि कुठून बाहेर पडतो, हे त्या घरात राहिलेल्यालाच ठाऊक असतं. ते चित्र बघूनच काम मिळालं असं ओमकार चारचौघांत सांगायचा, आणि जगदीशला त्याचं बरं वाटायचं.

भाद्रपदात पार्टीची माणसं स्टुडिओ बघायला आली. दोन अधिकारी, एक वयस्कर आणि एक तरुण, आणि त्यांच्याबरोबर हिंदी बोलणारी एक दुभाषी बाई. तिचं नाव तामिरा. पस्तिशीची असेल. कर्जतच्या त्या घामट हवेतही तिने करड्या रंगाचा जाड कोट अंगातून काढला नाही. पुस्तकातून शिकलेलं, शुद्ध, जरा अडखळतं हिंदी ती बोलायची.

अधिकारी ओमकारच्या केबिनमध्ये चहा घेत बसले. तेवढ्यात तामिरा एकटीच टेबलांमधून फिरत जगदीशपाशी आली. त्याच्या पडद्यावर म्हातारीचं घर होतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"हे घर तुम्ही काढलंत?"

"हो."

"तुम्ही आमच्या देशात आला होतात?"

"नाही हो. मी पुण्याच्या पलीकडं गेलो नाही. हे आमचंच घर आहे, इथलं डोंगरातलं. छप्पर तेवढं तुमच्या फोटोंवरून घेतलं."

तिने पडद्यावर बोट ठेवलं. "धूर बरोबर काढलाय," ती म्हणाली.

जगदीशला धीर आला. नवव्या भागाची कच्ची चित्रं नुकतीच आली होती आणि त्यातलं एक त्याला उलगडत नव्हतं. बारक्या सुट्टीत घरी येतो. घरात पाळण्यात तान्हं बाळ असतं. आजी चुलीखालच्या खड्ड्यातून काहीतरी काढते आणि बाळापुढे हलवते. बारक्या ते दारातून बघतो.

"ती चुलीखालून काढते ते काय आहे?" त्याने विचारलं. "फोटोत नीट कळत नाही. खेळणं आहे का?"

"खुळखुळा आहे. लाकडी. मूल जन्मलं की आजी तो वाजवते आणि घरातल्या मेलेल्या सगळ्या माणसांची नावं गाते. बाळाची त्यांच्याशी ओळख करून देते."

"मग लपवते कशाला?"

तामिरा हसली. तिचं बोट पडद्यावरच होतं, आणि लांबून बघणाऱ्याला ती छपराबद्दल काही विचारते आहे असंच वाटलं असतं. "आमच्या भाषेत गाते ना," ती म्हणाली. "आता ते चालत नाही."

ती त्याच आवाजात, तशीच हसत, पुढे बोलली.

"हा भाग शाळेत दाखवतील. दाखवून झाला की बाई मुलांना विचारतील, तुमच्या घरी चुलीखाली काय आहे. याआधीची मालिका दुसरीकडून करून घेतली होती. चित्रं चांगली नव्हती. तरी मुलांनी सांगितलं. माझ्या भावाच्या मुलाने सांगितलं. सहा वर्षांचा होता. त्याला चांदणी मिळाली."

"आणि आजी?"

"आजी म्हणजे माझी आई. ती शिकायला गेली. तुमच्याकडे आता चित्र येईल बघा, आजीला पांढऱ्या गाडीतून नेतात त्याचं. तशीच." तिने बोट जरासं सरकवून कुडावर ठेवलं. "चार वर्षं झाली. अजून शिकते आहे."

जगदीशने विचारलं, "मग तुम्ही या लोकांबरोबर…"

"माझा भाऊ तिथेच आहे. त्याचा मुलगा आहे." मग ती म्हणाली, "घर फार चांगलं काढलंत. मुलांना आपलंच वाटेल."

केबिनचं दार वाजलं. तरुण अधिकारी बाहेर आला होता. तामिराने मान न वळवता हळूच सांगितलं, "मी हे बोलले असं कुठेही येऊ देऊ नका. घर बघितलं आणि तोंडातून गेलं." आणि लगेच मोठ्याने विचारलं, "मग छपराला भाताचा पेंढा घालतात की गवत?"

"गवत," जगदीश म्हणाला.

त्या दिवशी घरी जाताना तो पुलावर बराच वेळ थांबला. त्याला आश्रमशाळेतला एक दिवस आठवत होता. तिसरीत असेल तो. तपासणीला साहेब आले होते, आणि नेमकी त्याच दिवशी सोमी डोंगर उतरून त्याला भेटायला आली होती. फाटकाशी उभी होती, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन. साहेबांनी सहज विचारलं, ही कुणाची आई? ठाकरी बोललं की शाळेत हसत, गुरुजी उठाबशा काढायला लावत. जगदीश गप्प बसला. गुरुजींनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, ओळखत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यासाठी कुणाला कार्टूनही काढावं लागलं नव्हतं.

दोन दिवसांनी ओमकारने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या दुभाषी बाईशी काय बोलत होतास रे तू? पंधरा मिन्टं?"

"का?"

"पार्टीचा मेल आलाय. तो बारका साहेब होता ना, त्याने टिपून ठेवलंय. विचारतायत, काय विषय होता."

"छपराचं विचारत होती," तो म्हणाला. "पेंढा का गवत. चूल कशी बांधतात. मी सांगितलं."

"एवढंच?"

"एवढंच दादा. दुसरं काय बोलणार?"

ओमकारने तसं लिहून पाठवलं. जगदीश जागेवर येऊन बसला. नववा भाग आपण काढायचा नाही असं त्याने पुलावर ठरवलं होतं. सकाळी येताना ओमकारला काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा जुळवली होती. ती आता उपयोगाची राहिली नव्हती. नाही म्हटलं तर ओमकार कारण विचारणार, ओमकार पार्टीला कळवणार, आणि पार्टीला पंधरा मिनिटांचा हिशेब आपोआप लागणार.

तरी आठवड्याने त्याने एकदा विषय काढून बघितला. "दादा, नववा भाग हर्षलाला द्या ना. मी दहावा घेतो."

"का? त्या घराची सगळी चित्रं तुझी. तुलाच मागितलंय त्यांनी." ओमकारने त्याच्याकडे निरखून बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. जगदीशची बायको नंदा दवाखान्यात होती तेव्हा रात्रंदिवस गाडी घेऊन उभा राहिलेला माणूस. "काय झालंय तुला? बरं नाय का वाटत?"

"तसं काय नाय."

"मग? मी त्यांना काय कारण सांगू?"

जगदीश म्हणाला, "राहू द्या," आणि कामाला लागला.

रविवारी तो घरी बसून काम पुढे नेत होता. नंदा चावडीवर रेशन आणायला गेली होती. त्याची मुलगी रिया पहिलीत होती. ती खुर्चीच्या पाठीवर लोंबकळत पडदा बघत होती. आवाज नव्हता, नुसती चित्रं हलत होती. बारक्या दारातून बघतो. बारक्या धावत शाळेत जातो. बाईंच्या कानात सांगतो. पांढरी गाडी येते. चांदणी मिळते. रियाने टाळ्या वाजवल्या.

"काय झालं ते कळलं तुला?" जगदीशने विचारलं.

"हो. आजी लपवत होती ना, बारक्याने सांगितलं. बारक्या शहाणा आहे."

"काय लपवत होती?"

"ते नाही माहीत. पण लपवत होती." रियाने थोडा विचार केला. "पप्पा, आपली वाडीची आजीपण चुलीजवळ फडक्यात काय काय बांधून ठेवते. मी बाईंना सांगू?"

"कशाला सांगायचं?"

"चांदणी मिळते."

"तुमच्या शाळेत चांदणी देत नाहीत."

"मागितली तर देतील," रिया म्हणाली आणि खाली खेळायला गेली.

जगदीश पडद्याकडे बघत बसला. भाषा माहीत नसलेल्या, तो देश कुठे आहे हेही ठाऊक नसलेल्या पोरीला जे कळायचं ते बरोबर कळलं होतं. चित्रं चांगली वठली होती.

त्या आठवड्यात त्याने एकच गोष्ट केली. गाडीत बसताना म्हातारी मुलांकडे बघून हसते आणि दार बंद होतं, असं कच्च्या चित्रात होतं. जगदीशने तिला हसवलं नाही. दार बंद व्हायच्या आधी त्याने तिची मान वळवली. ती एकदाच आपल्या घराकडे वळून बघते, एवढंच. सोळा चित्रं. फारसं कुणाच्या लक्षात येणार नाही असं त्याला वाटलं. पण बघणाऱ्या पोरांपैकी एखादं तरी त्या वळलेल्या मानेशी थांबेल, कुणी सांगावं. आपण कुणाचं काही वाचवतो आहोत असं त्याला वाटत नव्हतं. एवढं तरी आपल्या हातून व्हावं, इतकंच.

चार दिवसांनी ओमकार जिना चढून आला तो घाम पुसतच. "जगदीश, आत ये. ते लोक फोनवर आहेत. तुझ्याशीच बोलायचंय म्हणे."

केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर तो तरुण अधिकारी बसलेला दिसत होता. त्याच्या शेजारी तामिरा. तोच करडा कोट. अधिकारी शांतपणे चार वाक्यं बोलला आणि थांबला. तामिराने त्यांचं हिंदी केलं. तिची नजर समोरच्या कागदावर होती.

"साहेब म्हणतात, काम उत्कृष्ट आहे. एका ठिकाणी म्हातारी मागे वळून बघते. हे आम्ही दिलेल्या चित्रात नव्हतं. साहेब विचारतात, म्हातारी दुःखी आहे असं…" ती एक क्षण थांबली. "असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ओमकार जगदीशकडे बघत होता. तामिराने मान वर केली आणि पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे बघितलं. तिचा चेहरा हसराच होता. कागद धरलेली बोटं तेवढी पांढरी पडली होती.

"कुणी नाही," जगदीश म्हणाला. "साहेबांना सांगा, चूक माझी आहे. आमच्याकडं मुलगी सासरी निघाली की दारातून एकदा वळून बघते. घरातून बाई निघते म्हटल्यावर सवयीने हात तसा गेला. म्हातारी दुःखी नाही. मला माहीत आहे, ती शिकायला चाललीय."

तामिराने ते सांगितलं. ती बरीच वाक्यं बोलली, त्याच्यापेक्षा जास्तच. अधिकारी ऐकत होता. मग तो हसला, आणि त्याला हसताना बघून ओमकारही हसला.

"साहेब म्हणतात, रिवाज चांगला आहे," तामिरा म्हणाली. "पण ही सासरी जात नाही. म्हातारी हसली पाहिजे. मुलांना शंका राहता कामा नये."

"काढतो," जगदीश म्हणाला. "मीच काढतो. शुक्रवारपर्यंत."

"धन्यवाद," ती म्हणाली. हे अधिकारी बोललेला नव्हता.

पडदा काळा झाला तसा ओमकारने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शाणपणा कशाला करायचा रं? दिलंय तसं काढायचं. आपल्याला काय करायचंय त्यांच्या देशाशी?" आणि मग जरा नरमून, "नको वाटत असंल तर हर्षलाला सांगतो हसरी करायला. अर्ध्या तासाचं काम."

"नाय. मीच करतो."

दुसऱ्या कुणी काढली असती तर त्यांनी विचारलं असतं, आधीचा चित्रकार कुठे गेला. तेवढंही निमित्त त्याला द्यायचं नव्हतं. आणि वाईट काढूनही चालणार नव्हतं. मुद्दाम बिघडवलं असं दिसलं की पुन्हा तो पडदा, पुन्हा तो प्रश्न. म्हातारी मनापासून हसायला हवी होती.

बुधवारचा पुरा दिवस त्याला हसू सापडलं नाही. ओठ वर उचलले की म्हातारी लबाड दिसे, डोळे बारीक केले की खुळी. पत्ता माहीत नसलेल्या गाडीत बसून माणूस खरोखर कसा हसतो, हे त्याला आठवेना. गुरुवारी दुपारी आठवलं. आश्रमशाळेत पहिल्या दिवशी सोमी त्याला सोडायला आली होती. कार्यालयात खुर्ची असून जमिनीवर बसली. अधीक्षकांनी कागद पुढे केला, अंगठा घेतला आणि म्हणाले, बाई, आता हा आमचा, तुम्ही काळजी करू नका. कागदावर काय लिहिलंय ते तिला कळलं नव्हतं, पोरगा परत कधी मिळेल ते कळलं नव्हतं. पण समोर साहेब होते, आणि पोराला आता त्यांच्याच हाताखाली राहायचं होतं. तेव्हा ती हसली होती. साहेबांना राग येऊ नये म्हणून हसली होती, अगदी तोंडभर.

ते हसू त्याने काढलं. हात मांडीवर, तळवे वर, चेहरा साहेबांकडे केला होता तसा मुलांच्या बाजूला. आधी गाल थोडे उचलले, मग ओठ, मग डोळ्यांच्या कडा. सोळा चित्रं, एकही खोडावं लागलं नाही. हर्षलाने रंग भरले. "किती गोड आली रे दादा आता," ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं. ओमकारने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हातारीच्या हास्याचा पार्टीने खास उल्लेख केला होता. सगळ्यांसाठी वडापाव मागवला.

दहाव्या भागाच्या बोलण्याला पडद्यावर दुसराच दुभाषी होता. चष्मा लावलेला एक तरुण, हिंदी चांगलं, फटाफट बोलणारा. जगदीश काही विचारणार नव्हता. पण बोलणं संपल्यावर चहा घेताना त्याच्या तोंडून गेलंच, "त्या बाई दिसल्या नाहीत आज."

"बदलली असंल ड्यूटी," ओमकार म्हणाला. "विचारू का मेलवर?"

"नको," जगदीश म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला, की ओमकारने पेला खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. "नको दादा. सहज म्हटलं मी."

पुढच्या बोलण्यालाही तो तरुणच होता, त्याच्या पुढच्यालाही. जगदीश दर वेळी त्या तरुणाच्या शेजारची रिकामी जागा बघायचा आणि तक्ता समजून घ्यायचा. त्याचं उत्तर तिला पुरलं की नाही, तिने त्याच्या वतीने जास्तीची वाक्यं बोलली ती काय होती, ती आजारी होती, घरी होती की आईसारखीच कुठे शिकायला गेली होती, हे त्याला कुणी सांगणार नव्हतं. विचारायची सोयच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत तो नंदा आणि रियाला घेऊन वाडीवर गेला. टमटम कोंडाण्यापर्यंत, मग पायवाट. डोंगरउताराच्या वरकसावरची नाचणी कापून झाली होती. अंगणात कणसं पसरली होती आणि सोमी त्यांच्यापाशी कोंबड्या हाकत बसली होती. सत्तरी उलटली होती, नजर अजून पक्की होती. नंदा आत गेली. जगदीश हातपाय धुऊन आला तोवर रियाने त्याचा फोन घेऊन आजीच्या मांडीशी बस्तान मांडलं होतं.

"आजी, हे बघ. पप्पांनी काढलंय."

ओमकारने पास झालेला तुकडा स्टुडिओतल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवला होता. जगदीशने तो पुसला नव्हता. आता फोन हिसकावून घ्यावा असं त्याच्या मनात आलं, पण आई पुढे झुकून बघू लागली होती.

"ही कोन गं?"

"आजी आहे. पण वाईट आहे ती."

"वाईट?" सोमीने फोन डोळ्यांजवळ घेतला. "वाईट नाय वाटत. कुठं चालली?"

"शाळेत. गाडी आली ना न्यायला."

"या वयात?" सोमीला गंमत वाटली. मग पडद्यावरचं दार मिटलं, गाडी वळणावरून गेली, आणि तिची गंमत ओसरली. ती जगदीशकडे वळली. "हिच्या हातात काय दिलं नाय रं कुनी? भाकर-बिकर?"

जगदीशने ते हात सोळा वेळा काढले होते.

"नाय," तो म्हणाला.

"लांबचा पल्ला दिसतो. रिकामीच धाडली?" ती म्हणाली. "घरात कोन नवतं काय तिच्या?"

"व्हता. नातू व्हता."

कणसांवर आलेल्या कोंबडीला सोमीने हाताने उडवलं. रियाने बोट लावून तुकडा पहिल्यापासून सुरू केला, तशी सोमी पुन्हा पुढे झुकली आणि बघू लागली, या खेपेला तरी कुणी काही देईल म्हणून.